कानातला बिल्ला मुंडीबरोबर जातो : धड ओळखणाऱ्या यंत्रणेचा आठ महिन्यांचा अनुभव

पुणे-सोलापूर रस्त्यापासून थोडे आत आमचे शेळ्या-मेंढ्यांचे मांस-प्रक्रिया केंद्र आहे आणि तिथे मी पशुवैद्यक म्हणून तपासणीचे काम पाहते. दिवसाला ७० ते ८० जनावरे, त्यांतली बरीचशी यवत आणि चाकणच्या बाजारांतून किंवा थेट दौंड-शिरूरकडच्या मेंढपाळांकडून आलेली, असा आमचा पसारा आहे. गेल्या दिवाळीनंतर आम्ही धडांची ओळख आणि माग ठेवणारी एक यंत्रणा बसवली. आषाढातली गर्दी पार पडून गेल्यावर, म्हणजे वर्षातली सर्वांत कठीण परीक्षा झाल्यावरच तिच्याविषयी लिहावे असे मी ठरवले होते. पुरवठादाराचे नाव देत नाही, कारण अशा यंत्रणा विकणाऱ्यांचे सुटे भाग आणि रचना पुष्कळशी सारखी असते आणि इथे सांगितलेले गुण-दोष कोणतीही यंत्रणा घेताना तपासून पाहता येतील.

या कामात एक क्षण असा असतो की तिथे सगळे सांभाळले नाही तर पुढचे सगळे व्यर्थ जाते. जनावर आवारात येते तेव्हा त्याच्या कानात १२ अंकी पिवळा बिल्ला असतो, ज्याला आता सगळे ‘पशुआधार’ म्हणतात. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री करता येणार नाही असा नियम झाल्यापासून बाजारातून येणाऱ्या बहुतेक बोकडांच्या कानात तो दिसू लागला आहे. पण जनावर कापले, टांगले, रक्त निथळले, की मुंडी वेगळी होते आणि बिल्ला मुंडीबरोबर निघून जातो. मागे लाइनवर उरते ते कातडे उतरवलेले धड, आणि अशी चाळीस धडे एका ओळीत टांगली असली की मालकालाही आपले बोकड ओळखता येत नाही. मुंडी एका खोलीत, कातडे दुसऱ्या खोलीत, वजडी-कलेजी तिसऱ्या टेबलावर आणि धड शीतगृहाकडे, अशा चार वाटा फुटतात. या चारही वाटांना एकाच जनावराशी बांधून ठेवणे, निदान माझी मरणोत्तर तपासणी पुरी होईपर्यंत, हे या यंत्रणेचे खरे काम आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या संस्थेच्या २००५ च्या मांस-स्वच्छता संहितेतही तपासणी संपेपर्यंत धड आणि त्याचे अवयव यांचा मेळ राहिला पाहिजे, असे सांगितले आहे. मी हे परीक्षण त्याच एका कसोटीवर केले आहे.

यापूर्वी आमच्याकडे कागदी चिठ्ठ्या होत्या. जनावर टांगताना एक चिठ्ठी तंगडीला, एक मुंडीच्या टोपलीत, एक वजडी-कलेजीच्या ट्रेमध्ये. रक्त, चरबी आणि पाणी यांच्यात त्यातली तिसरी चिठ्ठी हमखास विरघळे. पुढे आम्ही प्लॅस्टिकचे क्रमांक आणले. ते विरघळत नसत, पण धुवायला नेलेल्या ट्रेतून आदल्या दिवशीचा क्रमांक तसाच परत येई. त्यामुळे नवी यंत्रणा हवी यावर आमच्यात मतभेद नव्हता.

यंत्रणेची रचना सांगते. प्रत्येक स्टेनलेस स्टीलच्या हुकाच्या वरच्या टोकाला प्लॅस्टिकची एक जाड गुंडी आहे आणि तिच्या पोटात १३४.२ किलोहर्ट्झवर चालणारी चिप आहे. जनावरांच्या इलेक्ट्रॉनिक बिल्ल्यांसाठी आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांनी हीच वारंवारता ठरवलेली आहे. लाइनवर सहा ठिकाणी ही चिप वाचणारे रीडर आहेत: टांगण्याच्या जागी, पोट फाडण्याच्या जागी, वजनकाट्यावर, शीतगृहाच्या दारात, तुकडे करण्याच्या खोलीच्या दारात आणि हूक धुण्याच्या टाकीजवळ. टांगणारा कामगार बिल्ल्यावरचा बारकोड हातातल्या स्कॅनरने वाचतो, त्याच वेळी वरचा रीडर हूक वाचतो, आणि जनावर व हूक यांची गाठ बांधली जाते. तिथून पुढे धडाची ओळख म्हणजे त्याचा हूक.

कमी वारंवारतेची चिप घ्यायचा निर्णय आम्ही एक प्रात्यक्षिक पाहून घेतला. दुसऱ्या एका विक्रेत्याने ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालणारी, लांबून वाचणारी चिप आणली होती. कोरड्या गोदामात ती उत्तम चालत असेल, पण आमच्या लाइनवर तिचे दोन्ही वैरी एकत्र होते. ओले मांस या लहरी शोषून घेते आणि स्टीलची रेल त्या परावर्तित करते. त्यामुळे रीडरसमोरचे धड कधी वाचलेच जाईना, तर कधी शेजारच्या दोन हुकांचे क्रमांक एकदम पडद्यावर येत. कमी वारंवारतेची चिप वीतभर अंतरावरूनच वाचली जाते आणि इथे तोच तिचा गुण ठरतो, कारण समोर आलेला एकच हूक ती सांगते. आठ महिन्यांत हूक वाचण्यात शेजारच्या धडाची सरमिसळ झाली, असे एकदाही आढळले नाही. मांसाच्या कामासाठी कोणी लांब पल्ल्याची चिप दाखवू लागला, तर त्याला आपल्या लाइनवर, ओली धडे टांगून, धुण्याच्या दाबाच्या पाण्याचा जेट चालू असताना प्रात्यक्षिक द्यायला सांगावे.

टांगण्याच्या जागेची आणखी एक सोय मला फार आवडली. बिल्ल्यावरचा बारकोड चिखलाने माखलेला असतो, कधी बोकडांनी एकमेकांचे बिल्ले चावून त्यावरच्या रेघा घालवलेल्या असतात. अशा वेळी रबरी हातमोजे घातलेल्या माणसाने १२ अंक दाबायचे म्हटले तर चूक ठरलेलीच. या यंत्रणेत सकाळी आवारात घेतलेल्या जनावरांची यादी आधीच भरलेली असते आणि शेवटचे चार अंक दाबले की त्या दिवसाच्या यादीतले जनावर समोर येते. एकाच कळपाला ओळीने बिल्ले मारलेले असतात, त्यामुळे फरक असतो तो शेवटच्याच अंकांत. म्हणून चार अंक पुरतात. ही सोय ज्याने सुचवली, त्याने लाइनवर उभे राहून काम पाहिलेले असणार.

आता ज्या ठिकाणी यंत्रणा चुकली ते सविस्तर सांगते, कारण विकत घेणाऱ्याने नेमके तेच विचारायला हवे.

धडाला हूक आहे, पण वजडी-कलेजीला हूक नाही. पोट फाडल्यावर आतले अवयव ट्रेमध्ये घेतले जातात आणि ट्रे धडाबरोबर पुढे सरकत माझ्या टेबलापाशी येतो. आमच्या यंत्रणेत ट्रेला स्वतःची चिप नाही. पोट फाडण्याच्या जागचा रीडर हूक वाचतो आणि आलेला पुढचा ट्रे त्याच हुकाचा आहे, असे सॉफ्टवेअर क्रमाने धरून चालते. क्रम टिकला तर मेळ टिकतो. विक्रेत्याने ही गोष्ट आम्हाला लपवून ठेवली नव्हती, पण तिचा अर्थ आम्हाला कळला तो फेब्रुवारीतल्या एका सकाळी.

त्या सकाळी एका ट्रेमध्ये मेंढीचे फुफ्फुस आणि कलेजी माझ्यासमोर आली. फुफ्फुसांमधल्या लसिका ग्रंथी लिंबाएवढ्या फुगलेल्या होत्या. चिरल्यावर आत हिरवट-पिवळा घट्ट पू होता आणि त्याला कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर होते. मेंढ्यांमधल्या गाठींच्या आजारात हे दृश्य नेहमीचे आहे. कलेजीवरही तशीच दोन गळवे होती. आजार आत पसरलेला असल्यामुळे धडाच्या खांद्याजवळच्या आणि मांडीजवळच्या ग्रंथी चिरून पाहणे आणि गरज पडल्यास सबंध धड बाद करणे भाग होते. पडद्याने सांगितलेल्या हुकाजवळ मी गेले. धड स्वच्छ होते, ग्रंथी स्वच्छ होत्या. मी ‘पास’चे बटण दाबणार, इतक्यात माझी नजर बरगड्यांकडे गेली. ट्रेमधले फुफ्फुस एका बाजूला फाटलेले होते, म्हणजे ते आतून बरगड्यांना चिकटलेले असणार आणि ओढून काढताना फाटले असणार. या धडाच्या बरगड्यांचे आतले अस्तर मात्र काचेसारखे गुळगुळीत होते. हे फुफ्फुस या धडातून निघालेलेच नव्हते. मागच्या हुकावरच्या धडाच्या बरगड्या पाहिल्या, तर उजव्या बाजूला खरखरीत, लालसर, अस्तर सोललेला पट्टा होता आणि फुफ्फुसाच्या फाटीशी तो तंतोतंत जुळत होता.

लाइन थांबवली. शोध घेतल्यावर कळले की अर्ध्या तासापूर्वी जठर फुटून एक ट्रे घाण झाला होता, म्हणून कामगाराने तो योग्यच रीतीने बाजूला नेला, पण सॉफ्टवेअरला ते कळवायचे राहिले. तिथून पुढचा प्रत्येक ट्रे एका हुकाने सरकला होता. शीतगृहात गेलेली मधली सर्व धडे बाहेर काढून पुन्हा तपासावी लागली. सुदैवाने त्यांच्या अवयवांत काही सापडलेले नव्हते, त्यामुळे चुकीचे धड बाद झाले नव्हते आणि बाद व्हायचे धड बाहेरही गेले नव्हते. पण संगणकाच्या पडद्यावर त्या अर्ध्या तासाची नोंद अतिशय नेटकी दिसत होती आणि ती सबंध चुकीची होती. कागदी चिठ्ठी विरघळली की निदान ती विरघळल्याचे दिसते. सरकलेला क्रम दिसत नाही. मला त्या दिवशी याचीच सर्वांत जास्त भीती वाटली.

विक्रेत्याने ट्रेला चिप आणि टेबलाखाली सातवा रीडर बसवण्याचे मान्य केले आहे, त्याचा खर्च वेगळा. तो बसेपर्यंत आम्ही प्रत्येक दहाव्या हुकाला ट्रे आणि धड दोन्हींवर एकाच रंगाची प्लॅस्टिकची पट्टी लावतो. पट्ट्या जुळल्या नाहीत तर लाइन तिथेच थांबते, म्हणजे चूक जास्तीत जास्त दहा जनावरांपुरती राहते. ज्यांना अशी यंत्रणा घ्यायची आहे त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारावा की ट्रेची ओळख ट्रेवरून होते की त्याच्या क्रमावरून.

वजनकाट्याविषयी मात्र चांगलेच बोलावे लागेल. धड काट्यावर आले की गरम धडाचे वजन थेट त्या जनावराच्या नावावर नोंदले जाते, मधे कोणी वही धरून बसत नाही. आमचे काही मेंढपाळ धडाच्या वजनावर पैसे घेतात आणि या व्यवहारात जुनी धुसफूस आहे. जिवंत २६ किलोचे बोकड १२ किलो उतरले की माणसाला आपण फसवलो गेलो असे वाटते, वास्तविक ४५ ते ५० टक्के उतारा हा शेळीत सामान्यच आहे. गेल्या महिन्यात शिरूरकडचे एक वयस्कर मेंढपाळ असेच तक्रार घेऊन आले होते. मी त्यांना त्यांच्या अकरा जनावरांची यादी काढून दाखवली: बिल्ला क्रमांक, आवारातले वजन, धडाचे वजन, वेळ. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाले, “मॅडम, ही शेळी दोन वेळा व्यालेली, ही कमी उतरणारच.” बाकीच्या दहांविषयी त्यांनी पुढे काही म्हटले नाही आणि पुढच्या खेपेला पुन्हा आमच्याकडेच माल आणला. एक सूचना करावीशी वाटते: रात्रभर शीतगृहात धडाचे वजन २ ते ३ टक्के घटते, म्हणून यादीवर ‘गरम वजन’ असे स्पष्ट छापले पाहिजे. सध्या नुसते ‘वजन’ छापले जाते आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या काट्यावर तेच धड कमी भरले की नवा वाद उभा राहतो.

हूक धुण्याच्या टाकीजवळचा रीडर दिसायला क्षुल्लक आहे, पण त्याच्यावाचून बाकी सगळे कोसळेल. रिकामा हूक परत आला की त्याच्यावरचे जुने जनावर पुसले गेले पाहिजे, नाहीतर कालच्या मेंढीचा क्रमांक आजच्या बोकडाला चिकटतो. आमच्या जुन्या प्लॅस्टिकच्या क्रमांकांचा आजार हाच होता. इथे हूक टाकीतून गेल्याशिवाय तो नव्या जनावरासाठी मोकळाच होत नाही. न धुतलेला हूक टांगण्याच्या जागी आणला की तांबडा दिवा लागतो. ओळख आणि स्वच्छता ही दोन कामे एकाच कडीत बसवली आहेत. ८२ अंश सेल्सिअसच्या पाण्यातून रोज जाऊनही आतापर्यंत दोनच गुंड्या तडकल्या आहेत.

रीडरच्या पेट्यांबाबत मात्र निष्काळजीपणा झालेला आहे. माहितीपत्रकावर त्यांना आयपी ६७ दर्जा दिला आहे. याचा अर्थ पेटी थोडा वेळ पाण्यात बुडाली तरी चालेल; दाबाच्या गरम पाण्याचा मारा ती सोसेल असा त्याचा अर्थ होत नाही. त्यासाठी आयपी ६९के दर्जा लागतो. कत्तलखान्यात रोज संध्याकाळी भिंतीपासून रेलपर्यंत सगळ्यावर दाबाने पाणी मारले जाते. ऐन आषाढात, दिव्यांच्या अमावास्येच्या आदल्या आठवड्यात, पोट फाडण्याच्या जागचा रीडर बंद पडला. वायरच्या जोडात पाणी जाऊन पितळ हिरवे पडले होते. तंत्रज्ञ त्याच दुपारी आला, दुरुस्ती नीट केली, वागणे सौजन्याचे होते, यात शंका नाही. पण ते चार तास आम्ही चिठ्ठ्यांवर काढले आणि वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या दिवसांत काढले. आता संध्याकाळी सर्व रीडरवर झाकणे घातल्याशिवाय जेट सुरू करायचा नाही, असा नियम आम्ही केला आहे.

लेबलांचेही असेच झाले. यंत्रणेबरोबर आलेला प्रिंटर मेणाच्या रिबनवर छापत होता आणि शीतगृहाच्या दमटपणात चरबीचे बोट लागले की अक्षरे पुसली जात. आम्ही राळेची रिबन आणि कृत्रिम कापडासारखी न फाटणारी लेबले घेतली, तेव्हापासून तक्रार नाही. लेबल तंगडीला प्लॅस्टिकच्या फासाने बांधावे. टाचणी किंवा स्टेपल अजिबात वापरू नये, कारण ती मांसात राहिली तर ओळखीच्या नादात नवेच संकट ओढवून घेतल्यासारखे होईल.

तुकडे करण्याच्या खोलीत एका जनावराची ओळख संपते आणि गटाची सुरू होते. रान, दस्ती, चाप, सीना, गर्दन असे वेगळे झाल्यावर प्रत्येक तुकड्याला जनावराचा क्रमांक लावणे आमच्यासारख्या केंद्राला परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. दहा धडांचा एक गट करायचा, दोन गटांच्या मध्ये टेबल आणि सुऱ्या धुवायच्या, आणि पाकिटावर गटाचा क्रमांक छापायचा, असे आम्ही ठरवले. यंत्रणा हे चोख करते. खिम्याला मात्र हे लागू पडत नाही, कारण सगळ्या गटांच्या कातरणीतून खिमा होतो. म्हणून खिम्याच्या पाकिटामागे दिवसभराची सगळी धडे उभी राहतात. यावर यंत्राकडे उपाय नाही. गटागटाचा खिमा वेगळा करायचा की नाही, हे मालकाने ठरवायचे असते. आमच्याकडे तो निर्णय अजून झालेला नाही आणि तो लवकर व्हावा, असे माझे मत मी लेखी दिले आहे.

अन्नपदार्थ परत मागवण्याविषयीचे २०१७ चे नियम लक्षात घेऊन आम्ही दोनदा सराव केला. पुण्यातल्या कॅम्प भागातल्या एका दुकानातून आमचेच पाकीट आणले आणि त्यावरच्या क्रमांकावरून मागे जायला सुरुवात केली. पाकिटावरून गट, गटावरून दहा धडे, धडांवरून बिल्ले, बिल्ल्यांवरून तीन मेंढपाळ आणि एक बाजार, इथपर्यंत पोचायला सहा मिनिटे लागली. पूर्वी वह्या चाळण्यात याच कामाला अर्धा दिवस गेला असता. त्याच गटातली बाकीची पाकिटे कोणत्या दुकानांत गेली तेही त्याच पडद्यावर दिसले. या एका कामासाठीही मी यंत्रणेची शिफारस करेन.

कामगारांच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. ओल्या हातमोज्यांना स्पर्शाचा पडदा दाद देत नाही, म्हणून पायाने दाबायचे बटण मागवून घ्यावे लागले. ते मुळातच द्यायला हवे होते. पडद्यावरचे मराठी भाषांतर कामचलाऊ आहे. ‘नाकारले’ आणि ‘रद्द’ हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले आहेत. पण एकाने धड बाद होते आणि दुसऱ्याने फक्त नोंद पुसली जाते. सुरुवातीच्या आठवड्यात यामुळे दोन चांगली धडे बाद म्हणून नोंदली गेली. हे कळवल्यावर शब्द बदलून मिळाले.

वेळेच्या नोंदींचा मला स्वतःला झालेला उपयोग सांगितला पाहिजे. २००१ च्या कत्तलखाना नियमांप्रमाणे पशुवैद्यकाने तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरे तपासायची नाहीत. गर्दीच्या दिवशी ‘मॅडम, जरा हात चालवा’ असा आग्रह होतो आणि पूर्वी त्याला उत्तर देताना माझ्याजवळ फक्त माझा शब्द असे. आता प्रत्येक जनावराच्या तपासणीची वेळ पडद्यावर असते, आणि मी घाई केली तर ती माझ्या नावावर दिसते, हे मालकांनाही कळते. या आषाढात तो आग्रह झाला नाही.

खर्चाचा अंदाज द्यायचा तर सहा रीडर, शंभर हूक, प्रिंटर आणि सॉफ्टवेअर मिळून आमच्या दोन अनुभवी खाटकांच्या वर्षभराच्या पगाराएवढा पैसा लागला. देखभालीचा करार वेगळा. दिवसाला वीस-पंचवीस जनावरे कापणाऱ्या लहान केंद्राला मी हे घ्या म्हणणार नाही. तिथे न विरघळणारी लेबले, क्रमांक कोरलेले ट्रे आणि एक जबाबदार माणूस एवढ्यावर काम भागते. पन्नासच्या पुढे गेलात, किंवा माल पाकिटबंद करून दुकानांना देत असाल, तर ही यंत्रणा घ्यावी. मात्र ट्रेची चिप, आयपी ६९के दर्जाच्या पेट्या आणि पायाचे बटण या तीन गोष्टी करारात लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. आमचा सातवा रीडर पुढच्या महिन्यात बसणार आहे. तोपर्यंत रोज सकाळी पहिल्या पाच धडांच्या बरगड्या आणि ट्रेमधली फुफ्फुसे मी स्वतः ताडून पाहते आणि मगच पडद्यावरच्या नोंदीखाली सही करते.